सगळीकडे तेच उत्तर

१२ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळेत पाय ठेवला आणि हेमांगीबाईंनी लगेच केबिनमध्ये बोलावलं. आमच्या मुख्याध्यापिका गोड बोलायला लागल्या की समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार. आज तर त्यांनी चहाही मागवला.

चंद्रप्रकाश सर सुट्टीतच राजीनामा देऊन घाटकोपरच्या एका क्लासला गेले. आमचे एकुलते एक विज्ञानाचे शिक्षक. नव्या माणसाची परवानगी यायला मार्च उजाडेल आणि तेव्हा दहावीचा पेपर झालेला असेल. म्हणून दहावीचं विज्ञान मी घ्यायचं. मी! मराठी आणि इतिहासाची बाई. स्वतःच्या दहावीत विज्ञान कसंबसं पार केलं तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते.

"अहो शुभाताई, आता सगळं ऑनलाइन असतं. चांगल्या साइट्स शोधायच्या, मुलांना दाखवायच्या. तुम्ही इतक्या चोखंदळ, तुम्ही बरोबर निवडाल."

स्टाफरूममध्ये चंद्रप्रकाश सरांवर सगळे तुटून पडले होते. मीही म्हटलं, पळपुटा माणूस. जरा जोरातच म्हटलं. कोणाच्या तरी तोंडून ते त्यांच्यापर्यंत जाणार हे नक्की.

वर्गात सतरा मुलं. बहुतेक कांजूरगावातली, काही स्टेशनाजवळच्या चाळींतली. एकालाही क्लास नाही. विज्ञानात नापास झाली तर अकरावी गेली, आणि यातली निम्मी तरी मग परत शाळेचं तोंड बघणार नाहीत. त्यांना फक्त मी आहे, आणि मला काही येत नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. विद्याधर म्हणाला, "चला, रिटायर व्हायच्या आधी तुला गुरुत्वाकर्षण कळेल." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१५ नोव्हेंबर

साइट्स शोधते आहे. एकीवर धडा उघडला की आधी लग्नाच्या शेरवान्यांची जाहिरात येते, मग गुडघेदुखीची. एकीवर एक तरुण इतका भराभर बोलतो की त्याला कुठे आग लागलीय असं वाटतं. एकीवर मराठी असं आहे की वाचताना दात आंबतात.

चांगली साइट म्हणजे नक्की काय, हे मला कोण सांगणार? मराठीची असती तर पहिल्या दोन ओळींत ओळखलं असतं. इथे सगळंच मला खरं वाटतं.

१८ नोव्हेंबर

आज एक युक्ती सुचली आणि स्वतःवरच खूश झाले. साइटचं विज्ञान मला तपासता येत नाही, पण इतिहास येतो. म्हणून प्रत्येक साइटचा आधी इतिहास उघडायचा. तिथे चुका दिसल्या की विज्ञानालाही हात लावायचा नाही.

पहिल्या दोन तिथेच गळाल्या. एकीवर जुन्या अभ्यासक्रमातला धडा अजून "नवीन" म्हणून टांगलाय. दुसरीवर सनावळ्यांचा असा गोंधळ की लिहिणाऱ्याचा कान धरावासा वाटला. तिसरी पास झाली. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, पण इतिहास स्वच्छ. तिच्यावर भरवसा ठेवायचं ठरवलं.

विद्याधर म्हणाला, "म्हणजे वरण चांगलं झालं तर जिलबीही चांगलीच असणार, असं?" त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी बोलायचंच असतं.

२७ नोव्हेंबर

गुरुत्वाकर्षणाची उजळणी. सरांनी जूनमध्ये शिकवलेलं मुलांना फारसं आठवत नाही. त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने नोट्स लिहिल्या, दोन दिवस लागले. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे, तेवढं तरी मुलांच्या पदरात पडू दे.

प्रश्नपेढीतल्या एका प्रश्नावर अडले. वस्तू सरळ वर फेकली, तर सर्वात उंच जागी तिचा वेग शून्य होतो. हे पुस्तकात आहे. पण त्या जागी तिचं त्वरण किती? पुस्तकात हे सरळ दिलेलं नाही, माझ्या पास झालेल्या साइटवर हा प्रश्नच नाही. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, एवढं मला कळलंय. मग विचार केला, वस्तू थांबलीय ना? थांबलेल्या वस्तूचा वेग काय बदलणार? लिहिलं, त्वरणही शून्य. आणि मुलांना पटावं म्हणून उदाहरण दिलं. आमचा निहार लहानपणी गॅलरीत मोसंबं वर उडवून झेलायचा, ते टोकाला जाऊन क्षणभर अगदी स्तब्ध व्हायचं. तसं लिहिलं, मोसंब्याचं चित्रही काढलं. पानं स्कॅन करून वर्गाच्या ग्रुपवर टाकली.

सतरा अंगठे आले. किती दिवसांनी बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर

पहिल्याच तासाला क्षमाने हात वर केला. कोळ्याची पोर, आई कमळ स्टेशनबाहेर मासे घेऊन बसते. वर्गात सर्वात हुशार आणि सर्वात हट्टी.

"बाई, मोसंबं वर थांबलं. मग परत खाली का येतं?"

"पृथ्वी ओढते म्हणून."

"पण तुम्ही लिहिलंय, तिथे त्वरण शून्य. म्हणजे ओढ नाही ना तिथे?"

"फक्त त्या क्षणी नाही."

"मग पुढच्या क्षणाला कुठनं येते?"

वर्ग हसला. मला नाही आवडलं. मी म्हटलं, "क्षमा, परीक्षेत लिहायचं तेवढं लिही. फाटे फोडू नकोस." ती बसली आणि वहीत खाली मान घालून काहीतरी गिरवत राहिली. मी पुढचा प्रश्न घेतला, पण तास संपेपर्यंत तिच्याकडे बघवलं नाही.

१ डिसेंबर

तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ओढ कुठून येते?

चंद्रप्रकाश सरांना विचारावं असं दहा वेळा वाटलं. पण पळपुटा म्हटलंय. आता कुठल्या तोंडाने विचारू?

१५ डिसेंबर

सुटले! आज सहज पुन्हा शोधलं तर दोन साइट्सवर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. त्वरण शून्य. गेल्या महिन्यात मिळत नव्हतं, माझीच शोधायची पद्धत चुकत असणार. आता हात बसलाय.

गंमत म्हणजे उदाहरणही मोसंब्याचंच! म्हणजे विज्ञानात हे ठरलेलं उदाहरण दिसतंय, आणि मला ते न वाचता आपोआप सुचलं. विद्याधरला मुद्दाम सांगितलं. मला विज्ञानाची जाण नाही असं कोण म्हणतं आता?

नियम पक्का केला. एकाच ठिकाणी दिसलं तर विश्वास ठेवायचा नाही, निदान दोन-तीन ठिकाणी तेच हवं. वर्गात क्षमाला उभं करून मोबाइल दाखवला. "बघ, माझं नको ऐकू. इथे बघ, इथेही बघ."

तिने बघितलं. मग वर माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "पटलं ना?" ती म्हणाली, "हो बाई."

हट्टी मुलांना पुरावा दाखवावा लागतो.

१७ डिसेंबर

तरी खुंटा हलवून बघावा म्हणून निहारला मेसेज केला. इंजिनिअर आहे, बंगळुरूला मोठ्या कंपनीत आहे, त्याला नाही येणार तर कुणाला? तो मीटिंगमध्ये होता. तासाभराने एक लिंक आली. "आई हे बघ, इथे नीट दिलंय. फुल चॅप्टर आहे."

फाइलच्या नावात गुरुत्वाकर्षण दिसलं, बाकी फोनवर मुंगीएवढं. ठेवून दिलं. पोराने पाठवलंय म्हणजे झालं.

४ जानेवारी

पालकसभा. कमळ टोपली दाराशी ठेवून आत आली. म्हणाली, "बाई, माज्या पोरीला तुमीच बगा आता. आमाला काय कलतंय त्यातलं."

मी तिचा हात धरून सांगितलं, काळजी करू नका.

१० जानेवारी

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासतेय. तो त्वरणाचा दोन गुणांचा प्रश्न मी मुद्दामच घातला होता. सतराच्या सतरा जणांनी बरोबर लिहिलंय. क्षमाने तर माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवली आहेत, कुठेही फाटा नाही. तिला पैकीच्या पैकी दिले. पोर सुधारली.

तरी तिचा पेपर वाचून मला आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. का ते कळत नाही.

२४ जानेवारी

आज झालं ते सगळं लिहून ठेवते.

शेवटच्या उजळणीला मुलांच्या हातात माझ्या हस्ताक्षरातल्या पानांऐवजी काहीतरी अधिकृत द्यावं म्हणून विद्याधरला म्हटलं, निहारने पाठवलेली ती फाइल खालच्या दुकानातून प्रिंट करून आण. तो आला आणि पानं टेबलावर टाकून म्हणाला, "अगं, ही तुझ्याकडे होती की. पुन्हा कशाला प्रिंट काढायला लावलंस?"

माझं अक्षर. माझं मोसंबं. खाली कोपऱ्यात साइटचं नाव छापलेलं.

आधी वाटलं, दुकानदाराने चुकीची फाइल काढली. मग फोनवर बोटांनी मोठं करून बघितलं. तीच पानं. मग त्या दोन साइट्स काढल्या, ज्यांच्या जोरावर मी पोरीला वर्गात उभं केलं होतं. माझीच वाक्यं, फक्त टाइप केलेली. "क्षणभर अगदी स्तब्ध." हे कुठल्याही विज्ञानाच्या माणसाने लिहिलेलं नाही. हे मी लिहिलंय, आमच्या स्वयंपाकघरात.

तारखा बघितल्या. पहिल्यांदा बघितल्या. सगळ्या माझ्यानंतरच्या.

म्हणजे दोन महिने मी माझ्याच सावलीला विचारत होते, बरोबर आहे ना? आणि ती मान डोलवत होती.

निहारला फोन केला. म्हणाला, "आई, मी पूर्ण नाही गं वाचलं, सर्चमध्ये वरती आलं ते पाठवलं." मी विचारलं, "माझं अक्षरही ओळखलं नाहीस?" शाळेत असताना त्याच्या वह्यांना कव्हर घालून नावं मी घालायचे. मी फोन ठेवला. खूप लागलं. पण आत्ता त्याच्यावर रडायलाही वेळ नाही, कारण प्रश्न तसाच आहे. उत्तर चूक आहे की बरोबर?

२५ जानेवारी

सकाळी लाज गुंडाळून ठेवली आणि चंद्रप्रकाश सरांना फोन केला. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ते राहू द्या, काम बोला." मी प्रश्न सांगितला.

"शुभाताई, वर गेल्यावर ओढच थांबली तर मोसंबं खाली येईल कशाला? लटकून राहील ना तिथेच. वेग शून्य होतो, त्वरण नाही. ते पूर्ण वेळ तेवढंच, खालच्या दिशेने. नऊ पूर्णांक आठ."

एवढंच. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात संपलं. क्षमाने नोव्हेंबरमध्ये हेच विचारलं होतं, अगदी हेच, आणि मी तिला गप्प बसवलं.

"आधी का नाही केलात फोन?" सरांनी विचारलं. ते म्हणाले, बाकीच्या नोट्सही पाठवा, रोज थोड्या बघून देतो. त्यांच्या क्लासमधून मागे पोरांचा गोंगाट ऐकू येत होता.

२७ जानेवारी

वर्गात सांगितलं. फळ्यावर मोसंबं काढलं, वर जाताना, टोकाला, खाली येताना, तिन्ही ठिकाणी खाली जाणारा बाण काढला आणि म्हटलं, बाईंचं चुकलं. पूर्वपरीक्षेत सगळ्यांना दिलेले दोन गुणही चुकीचे.

मला वाटलं होतं हसतील. कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट. मागच्या बाकावरून कृणाल म्हणाला, "बाई, मग बाकीचं पण चुकीचं आहे का?"

मी म्हटलं, सर तपासताहेत. उद्यापासून प्रत्येक पान बघू. कुठलंही पान उघडलं की आधी विचारायचं, हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि बाकीच्यांनी हे स्वतः लिहिलंय की उचललंय. आणि सर्वात आधी कारण विचारायचं. कारण पटलं नाही तर कितीही ठिकाणी असू दे, थांबायचं.

"म्हणजे प्रत्येक वेळी?" प्रियंका रडवेली झाली होती. "परीक्षा आलीये बाई. आता परत सगळं शोधत बसायचं?"

तिला काय सांगणार? दोन महिने शिकवून मी त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली आणि वर त्यांना नीट उभं राहा म्हणतेय.

क्षमाने पान उलटलं आणि फळ्यावरचं उतरवून घेतलं.

३० जानेवारी

मधल्या सुट्टीत क्षमा स्टाफरूमच्या दाराशी आली.

"बाई, ते मीच टाकलं होतं. साइटवर. आपली एक फाइल टाकली की त्यांचे पाच सोडवलेले पेपर उघडतात. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं टाकायला."

"मग डिसेंबरमध्ये मी मोबाइल दाखवला तेव्हा तुला माहीत होतं?"

"वाटलेलं मला. मोसंबं होतं ना. सांगणार होते, पण तुम्ही सगळ्यांसमोर... मग वाटलं, एवढ्या लोकांनी घेतलंय म्हणजे बरोबर असेल. कोणीतरी तपासलं असेलच ना?"

हेच मलाही वाटलं होतं. मी तिला रागावू शकले नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ती आणखी आक्रसली.

३ फेब्रुवारी

ते पान काढायच्या मागे लागलेय. क्षमाने टाकलं त्या साइटवर तक्रारीचं बटण दाबलं की इंग्रजीत आभार येतात आणि काही होत नाही. डाउनलोडचा आकडा रोज वाढतोय. खाली शेरे आहेत. "खूप छान समजावलंय." "धन्यवाद सर." कुणी एक आई लिहिते, "माझ्या मुलीला पहिल्यांदा समजलं."

ते वाचून मी फोन उपडा ठेवला.

माझी वाक्यं टाइप करून टाकणाऱ्या एका साइटवर नंबर मिळाला. कुर्ल्याचा धवल म्हणून मुलगा आहे, कॉलेजात शिकतो, साइट एकटाच चालवतो. आवाज बिचारा सज्जन होता.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ, माझं काढतो मी. पण आता चार-पाच जणांनी उचललंय ना माझ्याकडनं."

"अरे, तू टाकण्याआधी कुणाला विचारलं नाहीस?"

"हस्ताक्षर एवढं मस्त होतं, यार, सॉरी, मॅडम. मला वाटलं कुणा चांगल्या टीचरचंच असणार." मग म्हणाला, "तुम्ही करेक्ट केलेलं पाठवा ना, तुमच्या नावाने टाकतो. नाव असलं की जास्त चालतं."

करून पाठवलं. त्याने शब्द पाळला, टाकलं. पण शोधल्यावर वर जुनंच येतं. माझं बरोबर उत्तर कुठेतरी खाली, त्याच्यावर कुणी जात नाही.

१९ फेब्रुवारी

सरांनी सगळ्या नोट्स तपासून दिल्या. अजून तीन चुका निघाल्या. तिन्ही वर्गात सांगितल्या. आता मी काहीही सांगितलं की मुलं आधी एकमेकांकडे बघतात. कृणाल हल्ली तास चालू असताना बाकाखाली मोबाइलवर माझं बोलणं पडताळतो. मीच शिकवलंय, मी काय बोलणार?

हेमांगीबाई म्हणाल्या, जाऊ द्या हो, दोन गुणांचा तर प्रश्न, येणारही नाही. मी दिवसभर त्या वाक्याला धरून आहे. येणार नाही.

मार्च, विज्ञान भाग एकचा दिवस

आला.

केंद्र मुलुंडला होतं. पेपर सुटायच्या आधीच मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. क्षमा पहिल्या घोळक्यात बाहेर आली, घामाघूम, हसत. कितीतरी दिवसांनी तिला हसताना बघितलं.

"बाई, आपला आला! वर फेकलेली वस्तू, सर्वोच्च बिंदूला त्वरण किती, कारण लिहा. दोन मार्काला!"

"काय लिहिलंस?"

"शून्य."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं, आपण फळ्यावर केलं ना? बाण काढले ना तीन?"

"मला माहितीये ना बाई. मोसंबं खाली येतं म्हणजे ओढ आहेच. ते तर मला आधीपासून माहीत होतं." ती मला समजावत होती, शांतपणे, जसं लहान मुलाला समजावतात. "पण पेपर तपासणारे आपल्या शाळेचे थोडीच आहेत? सगळीकडे शून्यच आहे. त्यांनी पण तिथेच बघितलं असणार. मी नऊ पूर्णांक आठ लिहिलं आणि त्यांनी कापलं तर?"

"तसं नसतं गं. त्यांना बोर्डाची उत्तरं दिलेली असतात. विज्ञानाचे शिक्षक असतात ते."

"तुम्ही पण विज्ञानाच्याच बाई होतात ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर मला सोसला असता. "तुम्ही दिलेत ना मला दोन मार्क."

मी म्हटलं, जा घरी, जेव, परवा भाग दोन आहे. ती मैत्रिणींना गाठायला पळाली.

मुलं बाहेर येतच होती. कृणाल दिसला, प्रियंका दिसली, सगळे माझ्याकडे बघून हात हलवत होते. मीही हात हलवला. त्यांनी काय लिहिलं, ते मी एकालाही विचारलं नाही.